पाण्याखालचा दिवा : आकडा मोठा की उजेड मोठा?

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. बारावीनंतर त्याने मालवणला पर्यटकांना समुद्राखालची दुनिया दाखवणाऱ्या नौकेवर काम धरले. पाठीवर हवेची टाकी बांधून तो रोज पाण्यात उतरतो. आता त्याला पुढचा अभ्यासक्रम करायचा होता आणि त्यात रात्रीची बुडीही होती. रात्री पाण्यात उतरायचे तर दिवा हवाच. मोसमभर साठवलेले सहा हजार रुपये त्याच्या खिशात होते.

त्याने टेबलावर दोन खोकी ठेवली. पहिल्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते : १०,००० ल्युमेन, चालण्याचा काळ २ तास, किंमत १,५०० रुपये. दुसऱ्यावर होते : १,००० ल्युमेन, किंमत ४,५०० रुपये. ही दुसरी विजेरी त्याने एका मित्राकडून पाहण्यापुरती आणली होती.

"सर, ह्यातली खयची घेवची?" त्याने विचारले. "पहिली दसपट उजेड देता, आणि ती पण एक तृतीयांश किमतीत!"

तुम्ही काय उत्तर दिले असते? घाई करू नका. आधी आपण समुद्रात उतरून पाहू या, अर्थात कागदावर!

लाल रंग कुठे हरवतो?

समुद्राखाली दिवसाही विजेरी का वापरतात, याचे तुम्हाला नवल वाटेल. कारण असे की पाणी सर्व रंगांना सारखी वाट देत नाही. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशातील तांबडा रंग पाण्यात सर्वांत लवकर शोषला जातो.

अगदी शुद्ध पाण्याचे आकडे पाहा. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश एक मीटर पाण्यातून गेला की सुमारे ७१ टक्के उरतो. पाच मीटरनंतर १८ टक्के आणि दहा मीटरनंतर जेमतेम ३ टक्के! याउलट ४७५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश दहा मीटरनंतरही ८९ टक्के शिल्लक असतो. म्हणून खोल पाण्यात तांबडा मासा करडा-काळपट दिसतो आणि बोट कापले तर रक्तही हिरवट-काळे भासते. विजेरी पेटवली की क्षणात तांबडे, नारिंगी, पिवळे रंग परत येतात. दिवा येथे केवळ अंधार घालवत नाही, पाण्याने काढून घेतलेले रंगही तो परत देतो.

समुद्राच्या निळेपणाने सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही कोड्यात टाकले होते. १९२१ मध्ये युरोपहून 'नारकुंडा' या जहाजाने परतताना त्यांनी साध्या उपकरणांनी समुद्राच्या रंगाचे निरीक्षण केले. हा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणूनही तो दिसतो, असे त्यांनी दाखवले. जहाज मुंबई बंदराला लागताच त्यांनी आपले टिपण 'नेचर' या नियतकालिकाकडे धाडले. तांबडा प्रकाश शोषून घेण्याच्या पाण्याच्या गुणाचाही या निळेपणात मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.

आपल्या किनाऱ्याजवळ मात्र पाणी निळ्यापेक्षा हिरवेच अधिक दिसते. त्यात सूक्ष्म वनस्पती, कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश आणि गाळ असतो. हे पदार्थ निळा प्रकाशही खातात. हा गाळ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

ल्युमेन म्हणजे काय आणि काय नव्हे?

दिव्यातून सर्व दिशांना मिळून एकूण किती दृश्य प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेनमध्ये मोजतात. तो प्रकाश एखाद्या पृष्ठभागावर किती दाट पडतो, ते लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला तर तेथील प्रदीपन एक लक्स.

नळाचे उदाहरण घ्या. मिनिटाला किती लीटर पाणी येते, हे झाले ल्युमेन. तेच पाणी झारीतून बागभर शिंपडायचे की नळीचे तोंड दाबून एका कुंडीवर सोडायचे, हे तुमच्या हाती आहे. कुंडीत किती पाणी पडले, हे झाले लक्स.

आता हिशेब करू. समजा १,००० ल्युमेनच्या विजेरीचा झोत १० अंशांचा आहे. दोन मीटरवरील भिंतीवर त्याचे वर्तुळ सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाचे पडेल. त्याचे क्षेत्रफळ ०.०९६ चौरस मीटर. म्हणजे प्रदीपन सुमारे १०,४०० लक्स. तेवढ्याच ल्युमेनचा झोत ६० अंशांचा केला तर वर्तुळाचा व्यास २.३ मीटर होईल, क्षेत्रफळ सुमारे ४.२ चौरस मीटर आणि प्रदीपन फक्त २४० लक्स. ल्युमेन तेच, फरक चाळीस पटींहून अधिक!

पहिल्या खोक्यातील विजेरीचा झोत ६० अंशांचा होता. तिचे १०,००० ल्युमेन खरे मानले तरी दोन मीटरवर २,४०० लक्सच भरतात. १० अंशांच्या झोताची १,००० ल्युमेनची विजेरी मध्यभागी तिच्या चौपट प्रकाश देते. म्हणजे ल्युमेनचा आकडा दसपट असूनही खडकाच्या कपारीत लपलेला खेकडा दुसऱ्याच विजेरीत स्पष्ट दिसेल.

पण ते १०,००० तरी खरे आहेत का?

आकड्याची उलटतपासणी

पहिली विजेरी उघडली. आत एकच लिथियम-आयन सेल निघाला. तो १८६५० या नावाने ओळखला जातो, कारण त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. शेवटचे शून्य तो दंडगोल असल्याचे सांगते. त्याचा विद्युतदाब सुमारे ३.६ व्होल्ट आणि धारिता साधारण ३ अँपिअर-तास. दोहोंचा गुणाकार करा : ३.६ × ३ = १०.८ वॅट-तास. विजेरीच्या तिजोरीत एवढीच पुंजी आहे.

चांगली एलईडी विजेरी एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देते. तेव्हा १०,००० ल्युमेनसाठी १०० वॅट लागतील. घरातला जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो. अंगठ्याहून थोड्या मोठ्या सेलने त्याहून अधिक शक्ती द्यायची! सेलमधून सुमारे २८ अँपिअर प्रवाह काढावा लागेल आणि तो साडेसहा मिनिटांत रिकामा होईल.

कोणी म्हणेल, "सर, त्यांचा एलईडी फार चांगला असेल." ठीक आहे, तेही मान्य करू. पण सगळीच्या सगळी वीज पांढऱ्या प्रकाशात बदलली आणि उष्णता मुळीच झाली नाही, तरी एका वॅटमागे सुमारे ३०० ल्युमेनच मिळतात. ही मर्यादा आपल्या डोळ्याच्या रचनेनेच घातली आहे. तरीही १०,००० ल्युमेनला ३३ वॅट लागतात आणि २ तासांना सुमारे ६७ वॅट-तास. सेलमध्ये आहेत अकरा! म्हणजे खोक्यावरील दोन आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. कोणतेही महागडे उपकरण न आणता, केवळ गुणाकार-भागाकाराने आपण हे सिद्ध केले.

सेलवरही '९,९०० मिलि-अँपिअर-तास' असे छापलेले असते. या आकाराच्या उत्तम सेलची धारिता ३,५०० च्या आसपास असते, हे लक्षात ठेवा.

आणखी एक खाच आहे. विजेऱ्यांसाठी २००९ मध्ये अमेरिकेत एफएल-१ नावाचे मानक तयार झाले. त्यानुसार ल्युमेन मोजतात ते विजेरी पेटवल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या अवधीत. आणि 'चालण्याचा काळ' म्हणजे मूळ प्रकाशाचा एक दशांश उरेपर्यंतचा काळ. म्हणून मानक पाळणाऱ्या विजेरीवरही '२ तास' लिहिलेले असेल तर ती दोन तास तेवढीच तळपेल असे समजू नका. किती मिनिटे पूर्ण उजेड मिळतो, ते वेगळे विचारावे.

त्या रात्री आम्ही खोलीत अंधार केला. विजेरी टेबलावर उभी करून झोत छताकडे सोडला आणि कोपऱ्यात ठेवलेल्या मोबाइलच्या प्रकाशसंवेदकाने वाचन घेतले. छतावरून परतलेला प्रकाश खोलीभर पसरत असल्याने या युक्तीने दोन विजेऱ्यांच्या एकूण प्रकाशाची तुलना करता येते. पहिली विजेरी दुसरीपेक्षा किंचित उजळ भरली. दसपट सोडाच, सव्वापटही नव्हती. मग दोन्ही विजेऱ्या पेटवून दहा मिनिटे पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि पुन्हा वाचन घेतले. आता पहिली दुसरीच्या मागे पडली होती. विद्यार्थ्याचा चेहराही थोडा उतरला!

धुक्यातली गाडी

हिवाळ्यात आंबोली घाटात दाट धुके असताना गाडीचा चालक मोठा दिवा लावत नाही, खालचा लावतो. का बरे? मोठ्या दिव्याचा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आदळून त्याच्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यातील गाळाचे कण हेच करतात. मालवणच्या किनाऱ्याजवळ पाणी ढवळलेले असेल तेव्हा दोन-तीन मीटरपलीकडचे काही दिसत नाही. अशा वेळी जास्त ल्युमेन म्हणजे जास्त पांढरी भिंत! कारण दिवा वस्तूला उजळतो तसा मधल्या कणांनाही उजळतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, झोत अरुंद ठेवणे, म्हणजे डोळा आणि वस्तू यांच्यामधले कमीत कमी कण उजळतील. दुसरा, दिवा डोळ्यांपासून दूर, बाजूला धरणे. पाण्याखाली छायाचित्रे काढणारे दिवा कॅमेऱ्यापासून लांब दांड्यावर बसवतात, तो याचसाठी. त्यांना मात्र चित्रभर सारखा उजेड हवा असल्याने रुंद झोत लागतो. तेव्हा दिवा कशासाठी हवा, हे आधी ठरवा.

येथे आणखी एक गंमत आहे. विजेरीच्या सपाट काचेतून प्रकाश हवेत न जाता पाण्यात गेला की त्याचे वक्रीभवन वेगळे होते. (आजच्या पाठ्यपुस्तकात यालाच अपवर्तन म्हटले आहे.) पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने किरण मध्यरेषेकडे अधिक वळतात. हवेत १२० अंश पसरणारा झोत पाण्यात सुमारे ८१ अंशच पसरतो, ६० अंशांचा ४४ होतो आणि १० अंशांचा साडेसात. स्नेलचा नियम वापरून तुम्हीच पडताळून पाहा. खोक्यावरचा कोन हवेतला आहे की पाण्यातला, हेही पाहावे लागते ते यामुळेच.

तीन मीटर पुढे जा!

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. विजेरीचा प्रकाश वस्तूपर्यंत जातो आणि तेथून डोळ्यांपर्यंत परत येतो. म्हणजे वस्तू दोन मीटरवर असेल तर प्रकाशाला पाण्यातून चार मीटर प्रवास घडतो. शुद्ध पाण्यातही तांबडा प्रकाश तेवढ्या वाटेत २६ टक्केच उरतो. वस्तू पाच मीटरवर असेल तर वाट दहा मीटरची आणि उरलेला प्रकाश ३ टक्क्यांच्या आसपास. हा झाला सुमारे पावणेआठ पटींचा तोटा. शिवाय झोत पसरतो. अंतर अडीच पट झाले की व्यस्त वर्ग नियमाप्रमाणे प्रदीपन सव्वासहा पट कमी होते. दोन्हींचा गुणाकार सुमारे ४८ येतो.

म्हणजे काय झाले? पाच मीटरवरील तांबडे पोवळे दोन मीटरवरच्याइतके उजळ दिसायला हवे असेल तर ४८ पट बलवान दिवा लागेल. नाही तर पायांतील पंख हलवून तीन मीटर पुढे जायचे! पाण्याखाली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रखर दिवा म्हणजे जवळ जाणे. मात्र पोवळ्यांना हात लावायचा नाही आणि तळाचा गाळ उडवायचा नाही. पोवळी जिवंत असतात आणि गाळ आपलाच शत्रू होतो.

याला डोळ्याच्या स्वभावाचीही जोड द्या. चौपट प्रकाश आपल्या डोळ्याला चौपट वाटत नाही, त्यापेक्षा बराच कमी वाटतो. म्हणून १,००० ऐवजी २,००० ल्युमेनसाठी दुप्पट पैसे मोजताना दोनदा विचार करावा.

रबराची एक कडी

समुद्रात दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो. ३० मीटरवर विजेरीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरून सुमारे तीन किलोग्रॅम जादा भार असतो. काचेचा व्यास ४ सेंटिमीटर धरला तर तिच्यावर जवळजवळ ३८ किलोग्रॅमचा भार पडतो, म्हणजे तुमच्या वर्गातला एखादा मुलगा काचेवर उभाच! आणि या पाण्याला आत येऊ न देण्याचे काम करते झाकणाच्या आट्यांजवळची रबराची बारीक कडी, जिला ओ-रिंग म्हणतात. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण बसला तरी पाणी वाट काढते. म्हणून चांगल्या विजेरीत अशा दोन कड्या असतात. झाकण लावण्यापूर्वी कडी स्वच्छ पुसून तिला सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि वापरानंतर विजेरी गोड्या पाण्यात बुचकळायची, हा नित्यक्रम असावा.

पहिल्या विजेरीत एकच कडी होती. खोक्यावर 'आयपीएक्स ८' एवढेच छापलेले. याचा अर्थ एक मीटरपेक्षा अधिक खोल पाण्यात, पण किती खोल आणि किती वेळ, ते कारखानदाराने सांगायचे. येथे ते सांगितलेलेच नव्हते. दुसरीवर '१०० मीटर' असे स्पष्ट लिहिलेले आणि आत दोन कड्या. तिचे बटणही निराळे होते. बाहेरच्या सरकत्या कडीत चुंबक बसवलेले आणि आतला कळदाबा त्या चुंबकाच्या क्षेत्राने चालणारा. ॲल्युमिनियम चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. मग बटणासाठी भोक पाडायचेच कशाला?

एक इशारा येथेच देतो. विजेरीत पाणी शिरले तर लिथियम सेल बिघडून आत वायूचा दाब साठू शकतो. अशी विजेरी पुन्हा चार्ज करू नये आणि उघडताना झाकण कोणाच्याही तोंडासमोर धरू नये. मुलांनी तर ती मोठ्यांच्याच हाती द्यावी.

दुसरा दिवा

रात्रीच्या बुडीत दिवा म्हणजे डोळा, आणि जीभही! पाण्याखाली बोलता येत नाही. दिव्याने सावकाश वर्तुळ काढले की 'सर्व ठीक', झोत भराभर आडवा हलवला की 'इकडे लक्ष द्या, अडचण आहे'. अरुंद झोत गढूळ पाण्यातही उठून दिसतो आणि खूण चटकन कळते. म्हणूनच प्रशिक्षण देणारे सांगतात की प्रत्येकाजवळ दोन दिवे हवेत, एक मुख्य आणि एक राखीव. कितीही महाग दिवा घेतला तरी तो विझू शकतो. दोन्ही एकाच वेळी विझण्याची शक्यता मात्र फारच थोडी.

आम्ही सहा हजारांचा हिशेब मांडला. ४,५०० रुपयांची १,००० ल्युमेनची अरुंद झोताची विजेरी, आणि राखीव म्हणून त्याच कंपनीची लहान, कमी उजेडाची, पण खोलीचा आकडा स्पष्ट छापलेली विजेरी १,४०० रुपयांना. शंभर रुपये उरले. त्यात सिलिकोन ग्रीसची डबी बसली. १०,००० ल्युमेनवाली दुकानात परत गेली.

जानेवारीत त्याचा फोन आला. रात्रीची बुडी पार पडली होती. बारा मीटरवर असताना त्याच्या सोबत्याची विजेरी एकाएकी विझली आणि तो राखीव दिवा नौकेवर विसरून आला होता. आमच्या विद्यार्थ्याने आपली लहान विजेरी त्याच्या हाती दिली, 'ठीक?' म्हणून खूण केली, आणि उत्तरादाखल प्रकाशाचे एक वर्तुळ आले. मग बुडी तेथेच आवरती घेऊन दोघे सावकाश वर आले. "सर, तेवा ल्युमेन कोण मोजता?" तो म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही कदाचित पाणबुडे होणार नाही. पण पंखा, मोबाइलची बॅटरी, सौरदिवा विकत घेताना खोक्यावरचे मोठे आकडे तुमच्यासमोर येणारच. त्या आकड्यांना दबू नका. एकक कोणते? शक्ती कुठून येते? किती वेळ? कोणत्या परिस्थितीत? एवढे चार प्रश्न विचारा. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम परीक्षेपुरता नाही, तो बाजारातही लागू आहे.

करून पाहा

१. स्टीलच्या बादलीत पाणी घेऊन तळाशी नाणे ठेवा. पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाकून ढवळा. अंधाऱ्या खोलीत विजेरी डोळ्याजवळ धरून नाणे पाहा, मग विजेरी हातभर बाजूला नेऊन तिरपा झोत सोडा. नाणे केव्हा स्पष्ट दिसते? थेंब वाढवत जा आणि ते दिसेनासे केव्हा होते, ते नोंदवा.

२. घरातील दोन विजेऱ्यांची छताच्या युक्तीने तुलना करा. वाचन ३० सेकंदांनी आणि दहा मिनिटांनी घ्या. एलईडीकडे जवळून थेट पाहू नका.

३. एका सेलवर ३.६ व्होल्ट, ५ अँपिअर-तास लिहिले आहे. १०० ल्युमेन प्रति वॅट धरून २,००० ल्युमेनची विजेरी त्यावर किती मिनिटे चालेल? उत्तर काढा आणि मग एखाद्या जाहिरातीशी ताडून पाहा.